लार्पमध्ये दोन इव्हेंटच्या मधला ऑनलाइन खेळ: किती ठेवावा, कुठे थांबवावा

वर्षाला चार इव्हेंट, प्रत्येक इव्हेंट शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. म्हणजे वर्षाकाठी दहा-बारा दिवस प्रत्यक्ष खेळ, आणि उरलेले साडेतीनशे दिवस डिस्कॉर्ड, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक ग्रुप. बऱ्याच कॅम्पेन लार्पचं, म्हणजे पात्र होऊन वर्षानुवर्षं खेळायच्या खेळांचं, गणित असंच असतं. या साडेतीनशे दिवसांत काय चालू द्यायचं हे आयोजकांनी ठरवलं नाही, तर ते आपोआप ठरतं, आणि ज्याच्या हातात दिवसभर फोन आहे त्याचं पात्र मोठं होतं. शुक्रवारी रात्री सगळे मैदानात जमेपर्यंत युत्या झालेल्या असतात, मतं फिरलेली असतात, गद्दार कोण हे निम्म्या लोकांना कळलेलं असतं. दोन महिने खपून अंगरखा शिवून आलेला, पण ग्रुपवर नसलेला माणूस शेकोटीशेजारी उभा राहून इतरांचं आधीच ठरलेलं बोलणं ऐकत राहतो.

म्हणून ऑनलाइन खेळ सरसकट बंद करावा असं माझं म्हणणं नाही. मधले तीन महिने पूर्ण शांतता असेल तर लोक पात्र विसरतात, उत्साह ओसरतो, नवीन खेळाडू गळतात. प्रश्न प्रमाणाचा आहे आणि त्याहून जास्त दिशेचा. माझ्या मते एकच कसोटी पुरते: ऑनलाइन गाठ मारावी, ती सोडवावी मैदानात. मधल्या काळात जे घडेल त्यामुळे इव्हेंटला कुणालातरी कुणालातरी भेटण्याची गरज वाढली पाहिजे. भेटण्याची गरजच संपत असेल, तर ती गोष्ट चुकीच्या जागी घडली.

ज्यांनी अजून खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लार्प म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले. लिहिलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचे कपडे घालायचे आणि ठरलेल्या नियमांत ते पात्र जगायचं. काही लार्प एका दिवसात संपतात, काही वर्षानुवर्षं चालतात. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे आणि मुख्यतः आयोजकांसाठी आहे. खेळाडूंसाठीचा भाग शेवटाकडे आहे.

दोन इव्हेंटच्या मधल्या काळाला डाउनटाइम म्हणतात, आणि तो इंटरनेटच्या आधीपासून आहे. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात, पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप हे लार्प सुरू झालं, तेव्हा खेळाडूंना जोडणारं साधन म्हणजे टपाल आणि टेलिफोन. १९९३ मध्ये अमेरिकेत व्हाइट वुल्फ या खेळ छापणाऱ्या कंपनीने आपल्या व्हॅम्पायर या खेळाच्या जगासाठी माइंड्स आय थिएटर नावाचे लार्पचे नियम छापले आणि शहराशहरांत रात्रीचे खेळ सुरू झाले. त्यात पात्राचं वजन पोलिसांत किती, वृत्तपत्रांत किती, गुन्हेगारी जगात किती, हे आकड्यांत मांडलेलं असे, आणि ते वजन दोन खेळांच्या मधे वापरायचं असे. पुढे हे सगळं ईमेलवर आलं. पण पत्राला आणि ईमेललाही एक अंगभूत खीळ होती. बसून लिहावं लागे, वाट पाहावी लागे. चॅटला ती खीळ नाही, म्हणून ती आता आपल्याला घालावी लागते.

पुढची उदाहरणं नीट कळावीत म्हणून एक काल्पनिक कॅम्पेन धरू. समुद्रकाठचं एक बंदर, साठ खेळाडू, वर्षाला चार इव्हेंट. जकातदार आहेत, दर्यावर्दी आहेत, वैदू आहेत, पेढीवाले आहेत.

१. आधी पाहणी करा

नियम लिहायला बसण्याआधी सध्या काय कुठे घडतंय ते पाहा. मधल्या काळातली हालचाल साधारण चार प्रकारची असते. पहिली व्यवस्थेची: गाडीत जागा आहे का, तंबू कुणाचा, जेवणाचं काय, चामड्याचा पट्टा कुठे मिळतो. दुसरी नियमातली डाउनटाइम कामं, म्हणजे फॉर्म भरून पात्राने काय केलं ते आयोजकांना कळवणं. तिसरी लिहून केलेला अभिनय: पात्रांची पत्रं, चॅटवरचे प्रसंग. चौथी आखणी: कुणाला मत द्यायचं, कुणाला पाडायचं, कोणता सौदा कितीला.

पहिल्या प्रकारावर कसलीही मर्यादा नको, ती जितकी वाढेल तितकी चांगली. दुसरा तुमच्याच हातात आहे. तिसऱ्याला वळण लावावं लागतं. खरा धोका चौथ्यात आहे, कारण तो खेळासारखा दिसत नाही. दोन मित्र फोनवर गप्पा मारता मारता पुढच्या इव्हेंटचा अख्खा राजकीय डाव ठरवून टाकतात, आणि आपण चार जणांचा खेळ दहा मिनिटांत उरकला हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पाहणीसाठी इव्हेंटनंतरच्या फीडबॅक फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला. एक, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या पात्राच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण कोणता, आणि तो कुठे घडला? दोन, इव्हेंटला आल्यावर अशी कोणती गोष्ट कळली जी बाकीच्यांना आधीच माहीत होती? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा, आणि नवीन खेळाडूंची सगळ्यात आधी वाचा. साठातल्या पंधरा जणांनी एकच गोष्ट लिहिली असेल, तर ती गोष्ट शनिवारी मैदानात उघड व्हायला हवी होती.

२. फक्त मैदानात घडणाऱ्या गोष्टींची यादी करा

ही यादी छोटी असावी आणि अपवाद नसावेत. माझ्या यादीत या गोष्टी असतात: मतदान आणि पदाची निवड, करार, वस्तू आणि पैशांची देवाणघेवाण, विधी, पात्राचा मृत्यू, आणि मोठं गुपित फुटणं. शेवटची गोष्ट नियमाने पूर्ण अडवता येत नाही. पण ती यादीत असली म्हणजे खेळाडूंना दिशा कळते.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं एम्पायर हे लार्प. प्रोफाउंड डिसिजन्स ही कंपनी २०१३ पासून ते चालवते. वर्षाला चार मोठे इव्हेंट आणि दहा राष्ट्रांचं एक साम्राज्य. त्या जगातली सिनेट, लष्करी परिषद, धर्मसभा, जादूगारांची सभा या सगळ्या अ‍ॅन्व्हिल नावाच्या एकाच ठिकाणी भरतात, आणि अ‍ॅन्व्हिल म्हणजेच इव्हेंटचं मैदान. दोन इव्हेंटच्या मधे सिनेट भरतच नाही. तुम्ही फेसबुकवर शंभर जणांचा पाठिंबा गोळा केला, तरी ठराव मांडायला आणि मत द्यायला तिथे उभं राहावं लागतं. नियमपुस्तकात ‘ऑनलाइन राजकारण करू नका’ असं लिहिण्यापेक्षा हे फार परिणामकारक आहे, कारण इथे जगाची रचनाच खेळाला मैदानाकडे ओढते.

वस्तूंचंही तसंच. पात्राला मिळालेली नाणी, जादूचे स्फटिक इव्हेंटला हातात मिळतात. विकायचे तर समोरच्याच्या हातावर ठेवायचे. वेबसाइटवर बटण दाबून शिल्लक इकडची तिकडे करायची सोय दिली असती, तर बाजार भरलाच नसता. तुमच्या साठ जणांच्या खेळातही हेच करा. जकातीची पावती कागदाची असू द्या, शिक्का लाखेचा असू द्या. कागद हरवतो, चोरता येतो, खोटा बनवता येतो, आणि त्यातून खेळ तयार होतो.

जो येऊ शकत नाही त्याचं काय, हा प्रश्न लगेच येतो. आजारपण असतं, रजा मिळत नाही, पैशांची ओढाताण असते. त्याच्यासाठी ऑनलाइन मतदान सुरू करू नका, कारण एकदा ते सुरू झालं की पुढच्या वेळी दहा जण घरूनच मत देतील. त्याऐवजी चिठ्ठी ठेवा. न आलेल्या पात्राने एक चिठ्ठी लिहावी, आयोजकांनी ती छापून इव्हेंटला आलेल्या एका खेळाडूच्या हाती द्यावी, आणि त्याने ती योग्य ठिकाणी पोचवावी, वाचून दाखवावी किंवा दाबून ठेवावी. चिठ्ठी दाबून ठेवण्याची मुभा महत्त्वाची आहे. न आलेल्या माणसाच्या वाट्याला थोडी जोखीम येते, आणि आलेल्या माणसाला एक खेळ मिळतो.

३. डाउनटाइम फॉर्म आखडता ठेवा

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत, कारण आयोजकांची दमछाक इथेच होते आणि खेळाडूंमधली विषमताही इथेच वाढते.

आधी हिशेब करा. साठ खेळाडू, प्रत्येकी तीन कामं, प्रत्येक उत्तराला दहा मिनिटं: झाले १,८०० मिनिटं, म्हणजे तीस तास. हे तीस तास नोकरी सांभाळून दोन-तीन जणांना करायचे असतात. कामांची संख्या मोकळी सोडली आणि लोकांनी सरासरी सहा कामं पाठवली, की साठ तास. शिवाय मोकळ्या फॉर्ममध्ये लिहायची आवड असलेला माणूस चार पानं पाठवतो, त्याला तेवढंच सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं, आणि दोन ओळी पाठवणाऱ्याला दोन ओळी मिळतात. तीन इव्हेंट झाले की एकाकडे गुपितांचा साठा असतो आणि दुसऱ्याकडे काहीच नसतं, आणि हा फरक मैदानातल्या खेळाने पडलेला नसतो.

म्हणून कामांची संख्या सगळ्यांना सारखी ठेवा. तीन पुरेत, दोन असली तरी चालतील. प्रत्येक कामाला साठ-सत्तर शब्दांची मर्यादा द्या. फॉर्म इव्हेंटनंतर आठवड्याने उघडा, पुढच्या इव्हेंटच्या चार आठवडे आधी बंद करा. मुदत उलटून गेल्यावर आलेला फॉर्म घेऊ नका, पण न पाठवणाऱ्याला शिक्षाही नको. त्याच्यासाठी एक ठरलेलं काम आपोआप धरा: तो आपला धंदा सांभाळत होता, त्याची ठरलेली कमाई त्याला मिळाली. एम्पायरमध्ये याच्या जवळचीच पद्धत आहे. प्रत्येक पात्राकडे शेत, खाण, जहाज, सैन्याची तुकडी असं एक साधन असतं, मधल्या काळात वेबसाइटवर जाऊन ते कशासाठी वापरायचं एवढं निवडायचं, आणि त्याचं उत्पन्न पुढच्या इव्हेंटला पाकिटातून मिळतं. पाच-दहा मिनिटांचं काम.

पाकिटाचा मुद्दा सोडू नका. डाउनटाइमचा निकाल ईमेलने पाठवला की तो त्याच रात्री ग्रुपवर फिरतो, त्यावर चर्चा होते, निष्कर्ष निघतो आणि इव्हेंटपर्यंत तो विषय शिळा होतो. तोच निकाल शुक्रवारी नोंदणीच्या टेबलावर बंद पाकिटात दिला, की माणूस पाकीट फोडून वाचतो, मान वर करून इकडेतिकडे बघतो आणि कुणालातरी शोधायला निघतो.

आता निकाल लिहायचा कसा, ते जवळून पाहू. समजा दर्यावर्दी पात्राने फॉर्ममध्ये लिहिलं: ‘माझं जहाज दोनदा झडतीत अडकलं. बंदरावर कुणीतरी लाच खातंय असा संशय आहे. मी जकातीच्या चौकीवरच्या कारकुनांना पाजून माहिती काढतो.’ सोपं उत्तर असं: ‘धाकटा जकातदार लाच खातो.’ हे उत्तर देऊ नका. यात दर्यावर्दीला उत्तर मिळालं, धाकटा जकातदार खेळणाऱ्या माणसाला मात्र काहीच मिळालं नाही. तो इव्हेंटला येईल तेव्हा त्याच्यावर थेट आरोप होईल, आणि बचावाची संधी त्याला मिळालेलीच नसेल.

त्याऐवजी पाकिटात असं घाला: ‘कारकून तिसऱ्या पेल्यानंतर बोलायला लागला. नोंदवहीतल्या तीन जहाजांची नावं वेगळ्या हस्ताक्षरात आहेत, एवढंच तो सांगतो. त्या पानाचा तुकडा त्याने तुझ्या हातात कोंबला.’ आणि पाकिटात खरोखरच हाताने लिहिलेला कागदाचा तुकडा ठेवा. त्याच वेळी धाकट्या जकातदाराच्या पाकिटात लिहा: ‘नोंदवहीचं एक पान फाटलेलं आहे. काल रात्री कारकून एका दर्यावर्दीबरोबर पीत बसला होता असं कळतं.’ आता शनिवारी सकाळी दोघंही एकमेकांना शोधतायत, हस्ताक्षर ओळखणारा तिसरा माणूस दोघांनाही हवाय, आणि नुकती आलेली, पेढीवर हिशेब लिहिणारी नवी खेळाडू तो तिसरा माणूस असू शकते. एका फॉर्मच्या उत्तरातून तीन जणांना खेळ मिळाला.

यातून तीन गोष्टी पाळायच्या. निकालात अर्धी माहिती आणि एखादी वस्तू द्यायची. ती अर्धी माहिती पुरी व्हायला दुसरा खेळाडू लागला पाहिजे. आणि दुसऱ्या खेळाडूच्या पात्राविरुद्ध केलेल्या प्रत्येक कामाचा माग त्या खेळाडूच्या पाकिटात उमटला पाहिजे. व्हॅम्पायरच्या शहरी खेळांत आपलं वजन वापरून दुसऱ्याचं वजन मधल्या काळात अडवता येई. नियम म्हणून ते ठीक आहे. पण कुणी अडवलं हे कळायला काहीच वाट नसेल, तर भोगणाऱ्या खेळाडूला तो सूड न वाटता प्रशासकीय कपात वाटते. पावलांचे ठसे सोडा.

४. लिहून खेळण्याला वेळापत्रक द्या

चॅटवर पात्रात राहून प्रसंग खेळणं लोकांना आवडतं, आणि त्यातला आनंद खरा आहे. पण त्याचे दोन परिणाम ध्यानात घ्यावे लागतात. एक, लेखणीने खेळणारं पात्र आणि अंगाने खेळणारं पात्र वेगळं होत जातं. चॅटवर धारदार बोलणारी सरदारीण समोर आल्यावर अवघडते, आणि समोर आल्यावर सगळ्यांना गारद करणारा म्हातारा चॅटवर निर्जीव वाटतो. दोन, चॅट संपत नाही. रात्री अकराला सुरू झालेलं भांडण सकाळी ऑफिसला जाताना चालूच असतं.

म्हणून तीन महिन्यांचे तीन तुकडे पाडा. इव्हेंटनंतरचे दोन आठवडे पात्रात राहून काहीही नाही, फक्त माणूस म्हणून गप्पा, फोटो, कौतुक, झोप. मधले सात-आठ आठवडे लिखाणाचा काळ. शेवटचे तीन आठवडे पुन्हा बंद, म्हणजे जे काही शिजलं ते शुक्रवारपर्यंत मुरत राहतं. त्या वेळेत आयोजकांचं पाकिटांचं कामही होतं.

लिखाणाच्या काळातही चॅटपेक्षा पत्र बरं. एका पात्राने दुसऱ्याला दर आठवड्याला जास्तीत जास्त एक पत्र, तीनशे शब्दांच्या आत. पत्राला उत्तर यायला वेळ लागतो, त्या वेळात ओढ तयार होते. पत्र छापून इव्हेंटला आणता येतं, कुणाच्या पेटीतून पळवता येतं. चॅटचा इतिहास कुणी पळवत नाही.

प्रसंगच खेळायचा असेल तर भूतकाळातला खेळा. दोन भावंडं दहा वर्षांपूर्वी घर सोडताना काय बोलली, गुरूने शिष्याला का हाकललं, हे दोघांनी मिळून लिहावं. त्याने आजच्या जगात काहीच बदलत नाही, कुणाच्या मागे काही ठरत नाही, आणि दोघं मैदानात भेटतात तेव्हा त्यांच्या नजरेत इतिहास असतो. मला मधल्या काळातलं सगळ्यात फायद्याचं लिखाण हेच वाटतं.

वेळापत्रक ठरवताना एक गोष्ट विसरू नये. काही खेळाडूंसाठी लिहिलेला शब्द हीच समतल जमीन असते. ज्यांना गर्दीत ऐकू कमी येतं, ज्यांना अनोळखी माणसांसमोर बोलायची भीती वाटते, ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे आणि वर्षातून एकच इव्हेंट जमतो, त्यांचा खेळ पत्रांत फुलतो. म्हणून लिखाण बंद न करता मापात ठेवायचं. आणि त्या माणसाने पत्रांतून जे कमावलं त्याची मैदानात कुणीतरी दखल घेईल, हे आयोजकांनी मुद्दाम पाहायचं.

आयोजकांचं स्वतःचं लिखाणही वेळेत बसवा. महिन्याला एक बातमीपत्र पुरतं: बंदरावर कोणतं गलबत लागलं, कोणत्या गावात रोग पसरला, कोणती अफवा फिरतेय. एम्पायरमध्ये इव्हेंटच्या आधी ‘विंड्स ऑफ फॉर्च्यून’ नावाने जगातल्या घडामोडी प्रसिद्ध होतात. जगासमोर कोणते प्रश्न उभे आहेत ते त्यातून सगळ्यांना एकाच वेळी कळतं, आणि उत्तरं मैदानात शोधायची असतात.

५. ग्रुप आणि चॅनेल

इथे फार वेळ घालवू नका, पण काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा.

डिस्कॉर्डवर पात्रात बोलायचं आणि माणूस म्हणून बोलायचं यांची चॅनेल वेगळी. घोषणांचं एक चॅनेल, जिथे फक्त आयोजक लिहितात, आणि तिथे लिहिलेलं सगळं ईमेलनेही जातं. नियम असा की खेळण्यासाठी लागणारी कोणतीही माहिती फक्त गप्पांच्या चॅनेलमध्ये असणार नाही. तीन हजार मेसेज न वाचलेल्या माणसाचं काही बुडता कामा नये. आयोजकांना खाजगी मेसेजवर नियमांचे प्रश्न विचारू नयेत, एका ठरलेल्या जागी विचारावेत, म्हणजे उत्तर सगळ्यांना मिळतं आणि कुणाशी जास्त ओळख आहे त्यावर काही ठरत नाही.

स्क्रीनशॉट हा खेळात पुरावा नाही, हे स्पष्ट लिहा. खाजगी ग्रुप निघणारच, ते अडवायला जाऊ नका. पण खाजगी ग्रुपवर झालेला करार मैदानात पुन्हा तोंडाने होईपर्यंत झालाच नाही, असं धरा.

भावनांचा प्रश्न यात मोठा आहे. पात्राचा राग माणसात उतरणं, माणसाचं दुःख पात्रात उतरणं, याला लार्पच्या जगात ब्लीड म्हणतात. समोरासमोर भांडण झालं की शेवटी दोघं शेकोटीजवळ बसून चहा पितात, समोरच्याचा चेहरा दिसतो, तो पात्राबाहेर आला हे कळतं. चॅटवर यातलं काहीच नसतं. म्हणून लिहून खेळताना धमकी, अपमान, छळ, प्रेमप्रसंग यांच्या आधी दुसऱ्याला माणूस म्हणून विचारून घ्यावं, आणि ‘थांबू या’ म्हटलं की कारण न विचारता थांबावं. आयोजकांपैकी एकाचं नाव सगळ्यांना माहीत असावं, ज्याच्याशी अशा वेळी बोलता येईल. त्या माणसाकडे कथानकाचं काम देऊ नका.

६. शुक्रवारची संध्याकाळ

मधल्या काळात जे साठलं ते जमिनीवर उतरवण्याचा हा एक तास आहे, आणि तो आखून ठेवावा लागतो. खेळ सुरू झाल्यावर पहिल्या तासात जाहीर वाचन ठेवा: बंदराच्या चौकात डांगोरा पिटला जातो, बातमीपत्रातल्या तीन घटना सांगितल्या जातात, दोन चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जातात. ज्याने तीन महिन्यांत एकही मेसेज वाचलेला नाही त्याला पंधरा मिनिटांत सद्यस्थिती कळली पाहिजे.

नवीन खेळाडूला एक पान द्या. त्यावर जगाचा इतिहास नको. दोन पात्रांची नावं हवीत ज्यांना तिची गरज आहे, आणि एक काम हवं जे आजच रात्री करायचंय. त्या दोन खेळाडूंनाही आधी कळवा. ज्याचं ऑनलाइन जाळं मोठं आहे अशा जुन्या खेळाडूकडे मुद्दाम नवीन माणसाचं काम अडकवा, कारण ओळखीच्या घोळक्यातून बाहेर पडायला त्याला कारण लागतं.

एकाच इव्हेंटमध्ये संपणाऱ्या मोठ्या लार्पमध्ये हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. पोलंडमधल्या चोखा किल्ल्यात २०१४ पासून सुरू झालेल्या कॉलेज ऑफ विझर्ड्रीसारख्या खेळांत देशोदेशीचे अनोळखी लोक येतात. अशा खेळांच्या आधी फेसबुक ग्रुपवर पात्रांची नाती जुळवण्याची रीत आहे. तिथे काही आधी ठरलेलं असणं उपयोगाचंच असतं. पण नाती दोन-तीनच जुळवावीत आणि बाकीची जागा मोकळी ठेवावी. दहा नाती आधीच बांधून आलेल्या माणसाकडे पहिल्या रात्री भेटलेल्यासाठी वेळच उरत नाही.

७. खेळाडूंसाठी

आठवड्याला किती वेळ द्यायचा ते स्वतः ठरवा. तासभर खूप झाला. त्यात एक पत्र लिहून होतं, बातमीपत्र वाचून होतं. बाकीच्या चॅनेलची नोटिफिकेशन बंद ठेवा.

कुणी फोनवर डाव ठरवायला लागलं, तर ‘हे आपण शनिवारी तंबूमागे बोलू’ असं म्हणा. हे म्हणणारे दोन-चार जण असले तरी पुरतं. तुमचं रहस्य मित्राला चॅटवर सांगण्याआधी विचार करा, की ते त्याला मैदानात कळलं असतं तर किती जास्त मजा आली असती. इव्हेंट संपल्यावर ‘मी खरं म्हणजे काय करत होतो’ हे लिहायचा मोह सगळ्यांना होतो. जे प्रसंग संपले त्यांच्याबद्दल मनसोक्त लिहा, जे चालू आहेत ते कॅम्पेन संपेपर्यंत राखून ठेवा.

परदेशात राहून खेळणाऱ्या मराठी मंडळींचा एक वेगळा पेच असतो. गणपतीला किंवा दिवाळीला घरी यायचं ठरतं आणि नेमका इव्हेंट चुकतो. भारतातून इंग्लंडच्या चॅटवर हजर राहायचं तर घड्याळ साडेचार-साडेपाच तास पुढे. तिथले लोक रात्रीच्या जेवणानंतर लिहायला बसतात तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. जागू नका. चिठ्ठी पाठवा, पात्राला प्रवासाला धाडा, आणि परत येताना पात्राने काहीतरी आणलं असेल ते आयोजकांशी बोलून ठरवा.

आणि महाराष्ट्रातच पंधरा-वीस जण जमवून, कर्जत-मुळशीकडे फार्महाऊस घेऊन सुरुवात करणार असाल, तर पहिले दोन खेळ एक-दिवसाचे करा आणि मधल्या काळात काहीही ठेवू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान मिळत नाही. त्या चार महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर कॅम्पेन जिवंत ठेवायचा मोह होईल. त्यापेक्षा एखाद्या सभागृहात संध्याकाळचा तीन तासांचा छोटा खेळ करा. पावसात बंदर बंद असतं, सगळे धर्मशाळेत अडकलेत, एवढं कथानक त्याला पुरतं.

८. चालू कॅम्पेनमध्ये बदल करताना

तुमचा खेळ आधीच ऑनलाइनकडे झुकलेला असेल तर एका रात्रीत दोर कापू नका. ज्यांनी वर्षभर चॅटवर घालवून पात्र उभं केलं त्यांनी काही गैर केलेलं नाही, नियमच तसे होते. आधी सांगा, मग एका हंगामाच्या सुरुवातीपासून लागू करा. आतापर्यंत ऑनलाइन मिळवलेली पदं, करार, कर्जं यांची एक यादी करून ती पहिल्या इव्हेंटच्या चौकात कागदावर लावा, म्हणजे ती सगळ्यांसमोर मान्य होतात आणि सगळ्यांना त्यांना आव्हानही देता येतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात पाकिटांपासून करा, कारण त्यात कुणाचं काही काढून घेतलं जात नाही. पुढच्या इव्हेंटला मतदान मैदानात आणा. त्याच्या पुढच्या तीन महिन्यांत लिखाणाचं वेळापत्रक लावा. प्रत्येक वेळी ते दोन प्रश्न पुन्हा विचारा, आणि ‘बाकीच्यांना आधीच माहीत होतं’ या प्रश्नाखाली लोक काय लिहितात ते वाचून पुढचं ठरवा. डिस्कॉर्डवरची वर्दळ पहिल्या महिन्यातच घटेल आणि खेळ मरतोय असं काही जण म्हणतील. त्यावर निर्णय घेण्याआधी दोन इव्हेंट जाऊ द्या, आणि शनिवारी दुपारी चौकात किती माणसं उभी राहून बोलतायत ते मोजा.